रुखवतातली पाच रिकामी घरं

(लेस्टर. जेवणाच्या टेबलावर तीन मीटर मॅटीचं कापड पसरलेलं. आज मंगळवार; मुलगी वरदाचं स्वीडनच्या ऑस्करशी लग्न शनिवारी.)

सतीश : उसव.

अलका : काय?

सतीश : एकोणीसशे पंच्याऐंशी. तिथे माल्मो नाही, अर्ग्रीते हवं. उसव ते.

अलका : अहो, कालच्या कागदावर माल्मो आहे. तुमच्याच अक्षरात. मला लागेना, म्हणून मंडळातल्या निधीकडे तिच्या फार्मसीत जाऊन वाचून घेतलं.

सतीश : लीगमध्ये पहिले माल्मोच आले. पण त्या काळात लीग संपली की वर प्ले-ऑफ खेळायचे. प्ले-ऑफ जिंकेल तो चॅम्पियन. ते अर्ग्रीतेनं जिंकलं.

अलका : म्हणजे वर्षभर अभ्यास करून पहिला येणारा वेगळा, आणि बक्षीस तोंडी परीक्षेवर.

सतीश : अगदी बरोबर.

अलका : कुठल्या देशात मुलगी देतोय आपण! उसवते. पण जगात कुणाच्या रुखवतात स्वीडनच्या फुटबॉल चॅम्पियनांची यादी भरतकाम करून ठेवलेली तुम्ही पाहिलीत का हो? लोक साखरेची तुळस ठेवतात. माझ्या रुखवतात सुपारीचे बँडवाले होते, ढोलासकट.

सतीश : एप्रिलमधला व्हिडिओ कॉल आठव. आपले व्याही लेनार्टराव चाळीस मिनिटं बसून होते. तू हवामान विचारलंस, लाडू दाखवलेस, वरदाचे बाळपणीचे फोटो दाखवलेस. माणूस ‘या’, म्हणजे ‘हो’, यापलीकडे गेला नाही. मी फुटबॉल म्हटलं आणि...

अलका : आणि तुम्ही काय म्हणालात तेही आठवतंय मला. ‘कॉलेजपासून स्वीडिश फुटबॉल फॉलो करतो.’ मिरजेच्या कॉलेजात!

सतीश : सभ्यपणा म्हणून म्हणालो.

अलका : त्या सभ्यपणापायी मंडळातल्या सात बायका सुया घेऊन बसल्यात. दशकं वाटून घेतली त्यांनी. निधीनं चाळीसचं पटकावलं, कारण त्यात एकच क्लब पाच वेळा आहे. ‘पाठ झालं हो काकू,’ म्हणते.

सतीश : तो स्वागतफलक रंगवून आला का? त्यावरचं ‘कन्सल्टंट’ पुसायला सांगितलं होतं.

अलका : पुसलं. ‘वधूपिता डॉ. सतीश’ आणि खाली पांढरा ठिपका. दात पडल्यासारखं दिसतंय.

सतीश : मी कन्सल्टंट नव्हतो. लिहायचं कशाला?

अलका : बरं, ते राहू दे. आता हे सांगा, एकोणीसशे सव्वीस ते तीस ही पाच घरं रिकामी का? अनुराधानं तिचं दशक अर्धंच करून पाठवलंय. आळशी आहे, म्हणून मी मनातल्या मनात बोलूनही घेतलं तिला.

सतीश : तिचं बरोबर आहे. त्या पाच वर्षांत चॅम्पियन नाही.

अलका : खेळले नाहीत? युद्ध होतं?

सतीश : खेळले. लीग झाली, पहिले नंबरही आले. पण लीग जिंकणाऱ्याला स्वीडनचा चॅम्पियन म्हणायचं, हे अजून ठरलं नव्हतं. ते एकतीसपासून.

अलका : रुखवतात रिकामं घर ठेवत नाहीत हो. बघणारे काय म्हणतील? मी पाच कुयऱ्या काढते.

सतीश : कुयरी स्वीडनची चॅम्पियन कधीच नव्हती.

अलका : थांबा, वरदाचा फोन. स्पीकरवर टाकते. बोल गं.

वरदा : आई, मी वॉटफर्डहून निघालेय, ट्रेनमध्ये आहे. बाबा आहे तिथे? बाबा, तुझ्या लिस्टमध्ये नाइन्टीन ट्वेंटी-सेव्हनला काय लिहिली आहे?

सतीश : काही नाही. रिकामं आहे.

वरदा : ओह नो. बाबा, इट्स अ थिंग. लेनार्टचे ग्रॅन्डडॅड होते ना, म्हणजे ऑस्करचे...

अलका : पणजोबा.

वरदा : हां, पणजोबा. ते त्या वर्षी गाइसकडून खेळायचे, गॉथेनबर्गचा क्लब. ते लीगमध्ये फर्स्ट आले. घरात त्यांची मोठी फोटो आहे, हॉलमध्ये. सगळे म्हणतात चॅम्पियन्स, पण कुठल्या लिस्टमध्ये त्यांची नाव नाही. लेनार्ट नेव्हर टॉक्स, राइट? पण हे सांगताना तो रडला. ऑनेस्टली.

सतीश : ‘तो’ काय? सासरे आहेत तुझे. रडले.

वरदा : रडले. बाबा, प्लीज, गाइस लिहून टाक ना.

सतीश : लिहिलं तर यादी चूक होईल.

वरदा : लग्न आहे बाबा, इन्स्पेक्शन नाहीये! आणि ते पहिला तोच बॉक्स बघणार. हॅलो? टनेल आला... हॅलो?

अलका : गेला फोन. चला, इंग्रजीत चारच अक्षरं. दहा मिनिटांचं काम. कुठला रंग घेऊ?

सतीश : नको.

अलका : अहो, मुलीचा सासरा आहे! पहिल्या भेटीत त्याच्या आजोबांना खोडून काढणार तुम्ही?

सतीश : खोडत नाहीये. हे बघ, ज्या घराला शंभर वर्षं ही गोष्ट सलतेय, त्या घरात कुठलं वर्ष रिकामं असतं ते पाठ असणार. आपण नाव घातलं तर लेनार्टरावांना वाटेल, यांना काही माहीत नाही, कुठूनतरी उतरवून काढलंय. रिकामं ठेवलं, तर कळेल की माहीत आहे.

अलका : तुम्हाला बरं इतकं कळतं त्यांच्या मनातलं.

सतीश : अंदाज.

अलका : अंदाज! बावीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिलीत. अडलेली केस आली की सतीशला बोलवा. पोरंसोरं तुमच्या हाताखाली शिकली आणि कन्सल्टंट होऊन तुमच्या रजेच्या अर्जावर सह्या करू लागली.

सतीश : सह्या चांगल्या करायचे. आणि पोस्ट मिळाली नाही म्हणजे नाही. असोसिएट स्पेशालिस्ट, कन्सल्टंटच्या एक पायरी खाली. रेकॉर्ड तसंच आहे.

अलका : तुमचं आणि त्या पणजोबांचं चांगलं जमलं असतं. दोघं मिळून गप्प बसला असता.

सतीश : सूर्योदयापर्यंत.

अलका : पण पहिला नंबर आला होता ना त्यांचा? खात्रीनं?

सतीश : खात्रीनं. तीन ठिकाणी तपासलंय.

अलका : मग ऐका. घर रिकामं ठेवते. फक्त त्याला जरीची कड घालते, वरदाच्या शालूतून निघालेली आहे थोडी. नाव नाही, तेव्हा तुमची यादी खोटी नाही. आणि व्याह्यांना डोळे आहेत.

सतीश : ...चालेल.

अलका : हुश्श.

सतीश : पण मग पाचही घरांना घाल. बाकीच्या वर्षीही कुणीतरी पहिलं आलंच होतं.

अलका : ठाऊक होतं मला! आणि पंच्याऐंशीचं तुमचं माल्मो? तेही बिचारे पहिले आले होते.

सतीश : त्यांना प्ले-ऑफ खेळायला मिळालं होतं. हरले. तो वेगळा विषय.

अलका : देवा. सुई द्या ती. नाही, बारीक नाक्याची.

सतीश : घे. अलका...

अलका : हं?

सतीश : तो पांढरा ठिपका. फलकावरचा. तिथे आता काय लिहिणार आहेस?

अलका : काही नाही. रिकामंच ठेवणार. शालूची जर किती उरते ते बघते.