दमणची वाट उघडली तेव्हा

माझं नाव गोमती, लिवा. नवऱ्याचं नाव मी घेत नाय, ते पोराला विचारून लिवा, मास्तर, नाय तर उद्या लोक बोलतील गोमती नवऱ्याचं नाव छापून आली. जन्म याच गावचा, तारापूरच्या खालच्या अंगाला दर्याच्या काठी, आणि दिलं पण याच गावात, या घरातून त्या घरात, मदी बोंबील सुकवायच्या चार काठ्या, तेवडंच माझं सासर लांब. गावातल्या गावात दिलेल्या पोरीला माहेरपण नसतं, रुसून जाईल तर कुठं जाईल, पण मला माहेर होतं, ते दमणला होतं. हसू नका. दमण तवा दुसरा देश. फिरंग्यांचं राज, त्यांचा झेंडा, त्यांचे शिपाई, पैसे पण त्यांचे, आणि माझं माहेर तिथं.

कसं ते सांगते. मी बारकी असताना माझी आई बाळंतपणात गेली, बाळ पण गेलं. बाप तांडेल, स्वतःचा मचवा होता त्याचा, सुके बोंबील भरून वरती न्यायचा, दमणला, सुरतेला. मला ठेवणार कुणाकडं, मचव्यात घालून न्यायचा. दमणला त्याचा दोस्त रतनकाका, त्याच्या घरी मला सोडायचा आणि आपण सुरतेला जायचा, परत येईल तवा येईल. रतनकाकाची पोर मणी, माझ्याच वयाची. मणीची आई आमाला दोगींना पुढं-मागं बसवायची, एकाच फणीनं दोगींच्या वेण्या घालायची, आणि मारायची पण दोगींना सारखंच, त्यात कवा दुजाभाव केला नाय तिनं. काय सांगू तुमाला, मला माझ्या आईचं तोंड आठवत नाय, मणीच्या आईचं आठवतं. शेजारी रोझा, किरिस्तावांची पोर, ती तिसरी. तिगी मिळून किल्ल्याच्या भिंतीवर बसायचं, खाली नदी, या काठाला नानी दमण, त्या काठाला मोठी दमण, होड्या इकडून तिकडं, देवळाची घंटा वाजायची फिरंग्यांच्या, भट्टीतला पाव गरम गरम, रोझा आणायची चोरून, तिच्याच बापाची भट्टी, आपल्याच घरात चोरी. असा देश. मला तर वाटायचं मोठी झाल्यावर मी इथंच राणार.

मग मोठी झाले, लगीन झालं, पोरं झाली. मणीचं लगीन ठरलं तवा मी पोटुशी, सासू बोलली दर्यातून जायचं नाय. बाप एकटा जाऊन आला, बोलला, जावई चांगला मिळाला रतनला, भिकू नाव, खलाशी हाय, हसरा हाय. मी बोलले पुढच्या साली जाईन, बगीन. ती पुढची साल आलीच नाय. आपल्या सरकारचं आणि फिरंग्यांचं वाकडं आलं, वाट बंद. दर्यावर पण पहारा, आमच्या होड्या तिकडं नाय, त्यांच्या इकडं नाय. दर्या तोच, वारा तोच, इथं भरती तर तिथं भरती, आणि माणसाला जायची बंदी. माझा बाप त्याच बंदीत गेला, रतनकाकाला सांगावा पण धाडता आला नाय. मी किनाऱ्यावर उभी रायले की वरच्या अंगाला बगायची, सासू बोलायची, काय बगतेस गो, मी बोलायची, ढग बगते.

मग फिरंगी गेले. आपली फौज गेली आणि ते गेले, बातमी बोईसरच्या बाजारात आली, मी मासळी विकत होते, टोपली तिथंच टाकून उभी रायले. नवऱ्याला बोलले, मला दमणला जायचंय. तो बोलला, थांब जरा, होऊ दे सगळं शांत. थांबले. पुढच्या उन्हाळ्यात निघाले, एकटी, पालघरच्या बाजारातून मणीला हिरवं लुगडं घेतलं, रोझाला कापड घेतलं, सुके बोंबील घेतले, बोईसरला गाडीत बसले आणि वापीला उतरले. पुढं थोडं बैलगाडीत, थोडं पायी. नाक्यावर पूर्वी शिपाई असायचे म्हणे, आता एक रिकामी चौकी आणि तिच्यात कुत्रं निजलेलं. मला रडूच आलं, याच्यासाठी थांबले का मी एवडी वर्षं, या कुत्र्यासाठी.

नानी दमणला धक्क्याजवळ पहिली रोझा भेटली. जाडी झालेली, भट्टी तीच चालवते आता, मला बगून पिठाच्या हातानं मिठी मारली, माझं लुगडं पांढरं केलं. मग बाजूला घेऊन बोलली, गोमती, मणीकडं जातेस तर एक ऐक, भिकूचं काय विचारू नको. बंदीत होडी घेऊन गेले ते आले नायत, होडी पण नाय, माणसं पण नाय. बाकीच्यांच्या बायकांनी करायचं ते केलं, मणी करत नाय. बांगड्या तशाच हायत, कुंकू तसंच हाय. तिची सासू, डोकरी, ती रोज धक्क्यावर येऊन बसते, एकुलता एक पोर तिचा. तू आपली काय बोलू नको. मी बोलले, नाय बोलणार.

मणी दारात मासळी साफ करत होती. मी नुसती जाऊन समोर बसले आणि तिच्या टोपातला मासा घेऊन साफ करायला लागले. तिनं वर बगितलं, बोलली, गोमती, खवले नीट काढ, तुला कवाच जमलं नाय. आणि मग दोगी रडलो. तिची आई गेलेली, रतनकाका गेलेला, मला कोणी कळवलं नाय, कसं कळवणार. मी बोलले माझा बाप पण गेला. असं एकमेकींची माणसं मोजत बसलो आणि वर डोकरी बडबडते, किती रडाल, पोर आली हाय, तिला जेवू घाला.

थोडे दिवस रायले, पण काय दिवस ते. तिगी पुन्हा किल्ल्याच्या भिंतीवर चढलो, रोझाला चढवेना, आमी दोगी वरून ओढतो आणि खालून शाळेची पोरं हसतात. होडीत बसून मोठ्या दमणला गेलो, सगळं फिरलो, फिरंग्यांची घरं बंद, कुलपं लावलेली, झाडं तीच. मणी हसायची, अगदी तशीच हसायची. मी मनात बोलायची, देवा, हिचा येऊ दे. खरंच मागितलं मी, मास्तर.

निघायच्या दिवशी सकाळी मणीनं मला पुढ्यात बसवलं आणि वेणी घालायला घेतली, तिची आई घालायची तशी. आणि आपणहून बोलायला लागली, मी विचारलं नाय. बोलली, तू त्याला बगितलंच नाय गो. असा उंच, रंगानं माझ्यापेक्षा उजळ. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच, दोरात सापडून तुटलेली ल्हानपणी, पण त्याच हातानं असं जाळं विणायचा. लगीन झालं तवा माझ्या माळेतलं एक पोवळं काढून त्याच्या करदोट्यात ओवलं मी, दर्याला दिसायला पायजे ना याच्यामागं कोण हाय ते. दसऱ्यानंतर गेले ते.

माझी मान तिच्या हातात. मी हलले नाय.

आता तुमाला आमच्या गावची एक रीत सांगायला पायजे. दर्यानं काठाला आणून टाकलेल्या माणसाला आमी बेवारस बोलत नाय. ज्याच्या नजरेला पहिलं पडलं त्याच्या घरचं ते माणूस. त्या घरच्या पुरुषानं अग्नी द्यायचा, सुतक पाळायचं, त्या घरच्या बायकांनी रडायचं. न रडता पाठवायचं नाय. बंदीच्याच एका सालात, दिवाळीच्या तोंडावर, माझा नवरा ओहोटीला जाळं बगायला गेला आणि धावत आला. पाटील आला, पोलीस आले, लिवून घेतलं, चार गावांत विचारलं, कोणाचं माणूस गेलेलं नाय. तोंड ओळखायचं रायलंच नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती, जुनं दुखणं, भरून आलेलं. कंबरेला करदोटा आणि त्यात एक पोवळं. माझा नवरा बोलला, काढू नको, कोणी हौसेनं घातलंय, जाऊ दे त्याच्याबरोबर. अग्नी दिला त्यानं, डोकं भादरलं. मी रडायला बसले, रीत म्हणून बसले, माझा बाप नुकता गेलेला, त्यात मला खरंच रडू आलं, इतकं आलं की शेजारणी बोलल्या, गोमती, पुरे गो, तुझा कोण लागत होता.

हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि मणी वेणी घालतेय. वेणी झाली. तिनं करंडा आणला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. आणि माझ्या पुढ्यात करंडा धरून आपलं कपाळ पुढं केलं. सवाष्णीनं सवाष्णीला लावायचं, निघताना. मी बोट कुंकवात घातलं, आणि माझा हात वर होईना. काय करू, होईचना. मी मणीचं तोंड बगते, ती माझा हात बगते.

ती हळू बोलली, गोमती, तुला काय ठाऊक हाय?

मी सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण तिच्यासमोर मला कवा खोटं जमलं नाय, ल्हानपणी पण मार मीच खायची. सगळं सांगितलं, बोटं, पोवळं, ओहोटी. ती काय ओरडली नाय, छाती पिटली नाय. बोलली, अग्नी कोणी दिला? मी बोलले, माझ्या नवऱ्यानं. बोलली, रडलं कोण? मी बोलले, मी. मग बोलली, तू रडलीस, मग बरं झालं. परक्यांनी रडण्यापेक्षा तू रडलीस.

मागं दारात डोकरी उभी, तिला ऐकू कमी यायचं, ती हसत विचारते, अजून निघाली नाय का ही पोर? मणी माझ्याकडं बगून बोलली, लाव. मी बोलले, मणी, नको. ती बोलली, ती बगते हाय. तिनं आज ऐकलं तर उद्या उठणार नाय. जवर ती हाय तवर तो हाय. लाव गो.

आणि मी लावलं. या बोटानं लावलं, मास्तर. डोकरी बोलली, सुखी रावा दोगी.

वापीपर्यंत मी कशी आले मला ठाऊक नाय. नवऱ्याला सांगितलं, तो सकाळी किनाऱ्यावर जाऊन एक नारळ सोडून आला. त्यानंतर मी दर साली दमणला जायची आणि दर साली निघताना तिला कुंकू लावायची. रोझाला पण ठाऊक नाय, तिला सांगितलं तर ती भट्टीवर सगळ्या गावाला सांगेल, मनानं चांगली पण तोंड बंद राहत नाय तिचं.

डोकरी गेली परवाच्या पावसाळ्याअगोदर. निजेतच गेली, धक्क्याकडं तोंड करून खाट होती. बारावं-तेरावं झालं आणि मणी एकटी बोईसरला उतरली, माझं घर विचारत विचारत आली. तेच हिरवं लुगडं नेसलेली, मी नेलेलं, विरलेलं आता. बोलली, मला ती जागा दाखव. आता तुमीच सांगा मी काय दाखवू. तिथं सरकारचं एवडं मोठं बांधकाम चालू हाय, विजेचं, तारेचं कुंपण घातलंय किनाऱ्यापर्यंत, जागा आत गेली. फाटकावर शिपाई, परमुलखाचा, तो बोलला, अंदर जाना मना है, माई. मी त्याला लाख सांगितलं, हिचा माणूस हाय रे तिथं. तो बोलला, कौन सा आदमी, ठेकेदार का नाम बोलो. चांगलं पोर होतं, त्याचा काय दोष, त्याला वाटलं कामावर हाय कोणी.

मग आमी कुंपणाच्या बाहेर वाळूत बसलो. मी लांबून बोटानं दाखवलं, ते यंत्र उभं हाय ना, त्याच्या पलीकडं. मणीनं दोन्ही हात माझ्या पुढ्यात ठेवले. दगड मीच शोधला. बांगड्या मीच फोडल्या. ती रडली तवा, इतक्या वर्षांचं रडली, तो शिपाई पण तोंड फिरवून उभा रायला. मी रडायला गेले तर मला पाणीच येईना. तिला धरून बसले नुसती. माझं त्या माणसासाठी अगोदरच रडून झालं होतं.

आता दमणला जायला कोण अडवत नाय, गाड्या हायत, रस्ता झालाय. मणी हाय, रोझा हाय, माझे पाय चालतात तवर मी जाणार. या उन्हाळ्यात पण गेले. निघताना वेणी घातली तिनं, केस रायलेत किती, पण घातली. मी करंडा तिच्या हातात दिला आणि माझं कपाळ पुढं केलं, बोलले, लाव. ती हात मागं घेऊन उभी, बोलली, नको गो, माझ्या हातानं नको. तुझा माणूस अजून दर्यावर जातो. मी बोलले, तुझ्याला अग्नी दिलाय त्यानं, त्याला काय होत नाय, लाव. नाय लावलं तिनं. शेजारच्या सुनेला हाक मारायला निघाली, मी बोलले, दुसरीच्या हातचं मला नको.

तशीच निघाले, कोऱ्या कपाळानं. गाडीत बायका बगत होत्या, बगू दे. घरी आले तर नवरा ओट्यावर जाळं शिवत बसलेला, वर बगून बोलला, कुंकू कुठं तुझं?

मी बोलले, दमणला रायलं.

तो जरा सरकला आणि मला बसायला जागा केली.