जांभळं घमेलं

नाही, मला सांगा, फाटकापाशी ते घमेलं काय मी शोभेला ठेवलंय? जंतू मारायचं जांभळं पाणी भरलंय, वर पाटी लावलीय, 'पाय बुडवून आत या', का? तर तळ्यात माझे चार हजार मासे, आणि मासा म्हणजे, तुम्हाला सांगतो, शिंकत नाही, खोकत नाही, कळतं तेव्हा सरळ उताणाच! म्हणून जाळं कुणाला द्यायचं नाही, नवी पिल्लं तीन आठवडे वेगळ्या टाकीत... शेजारी म्हणतो, हा मासे पाळतोय की बाळंतपणं काढतोय! आणि एवढं करून आलं कोण? सासरे!

त्यांचंही तळं आहे. आले हातात बादली घेऊन. म्हटलं, "बाबा, पाय..." तर म्हणे, "का, माझ्या पायांना काय रोग झालाय?" आणि घमेल्यावरून टांग टाकून आत! आता सासरेच ते, बोलणार काय?

बादलीत मासा. अंगावर लाल चट्टे, शेपटी झिजलेली. "आमच्याकडे असे रोज दहा मरताहेत. आज तुमच्याकडे माशांचे डॉक्टर येणार ना, म्हटलं यालाही दाखवावा." मी ओरडलोच, "बाबा, तिथंच थांबा, हलू नका, झाकण आणतो!" धावत घरात गेलो, तर बायको म्हणते, "आधी बाबांना पाणी दिलंत का?" पाणी! झाकण शोधून परत येतो तो बादली रिकामी, आणि सासरे काठावर बसून हात धुताहेत... तळ्यात!

"बाबा, मासा?"

"दमला होता हो बिचारा. डॉक्टर येईपर्यंत सोडला जरा मोकळ्या पाण्यात."

जरा! खरं सांगतो, रडू आलं... बोटभर होते तेव्हापासून वाढवलेत हो! डॉक्टर आले, पाय बुडवून आले, शहाणा माणूस. विचारलं, "आजारी मासा कुठला?" सासऱ्यांनी अख्ख्या तळ्याकडे बोट दाखवलं, "त्यातलाच एक." झालं! डॉक्टरांचा हुकूम, महिनाभर एकही मासा बाहेर न्यायचा नाही, मेलेले रोज उचलायचे आणि बघत बसायचं. बघत! वर बायको कानाशी, "बाबांना काही बोलू नका हं." सासरेच ते, बोलणार काय?

निघाले. फाटकापाशी थांबले आणि काय सांगू, चपलांसकट दोन्ही पाय घमेल्यात, चांगले घोट्यापर्यंत, घोळून घोळून! मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पटलं. तर म्हणतात कसे, "जावईबापू, सांभाळलेलं बरं. तुमच्या तळ्यात रोग शिरलाय म्हणे, आमच्याकडे यायला नको!"

सासरेच ते... पाय पुसायला टॉवेल आणून दिला.