चांदणी अन् दाजी

सासुरवाडीच्या माणसाला कामाला लावू नका बाप्पा, माझंच बघा. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत मी मॅनेजर होतो, तवा गोदामाचा प्रोग्राम लिहायला मेव्हण्याला आणल्तं. माल संपला की त्याचा नंबर टाकायचा, कॉम्प्युटर त्याची फाइल पुसायचा.

गोदामातल्या रशीदचाचांना जुनी सवय. संपलेल्या मालाच्या नंबरापुढं फळ्यावर ते चांदणी काढायचे. कॉम्प्युटरवरबी नंबर टाकला, जरा जागा सोडली, पुढं चांदणी दाबली. सगळ्याच फाइली गेल्या!

मालकानं आम्हाला बोलावलं. मेव्हणा माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, टाइप केलेलं मी जसंच्या तसं हुकूम म्हणून सिस्टिमला देतो. चांदणीचा अर्थ ती 'सगळं' असा घेते."

मालक भडकले. "म्हंजे कुणीबी काहीबी टाकावं, अन् तुम्ही न तपासता आत सोडावं? मंग गेटवर वॉचमन कशाला ठेवतो आपण?"

शरमेनं मी खिडकीबाहेर पाह्यलं. गेट सताड उघडं होतं अन् वॉचमन खुर्चीत घोरून राह्यला होता.

त्यालाबी मीच लावल्तं. बायकोचा धाकटा भाऊ.