लग्न लावलेलं भांडं

...आणि वर मला विचारतो, "घरी भांडी कोण घासतं?"

तुम्हाला सांगते, गिऱ्हाईक मी, पैसे मी देणार, पिशवीसुद्धा मी घरून आणलेली, आणि हा काउंटरपलीकडचा माणूस, दोन्ही हातांत पांढरे हातमोजे, आवाज असा खाली आणलेला की जणू आतल्या खोलीत कुणीतरी आजारी पडलंय, तो मला विचारतो की घरात भांडी कोण घासतं, माणसं किती, लहान मुलं येतात-जातात का, फरशी कसली आहे, गुळगुळीत की खडबडीत... अरे बाबा, मी तुझ्याकडे ताट घ्यायला आलेय की तुझी मुलगी मागायला आलेय?

बरं, मुलगी मागायचा विषय निघालाच आहे तर मुळापासून सांगते, कारण हे सगळं त्यातूनच उपटलं. आमच्या लेकीनं लग्न ठरवलं. स्वतःच ठरवलं, छान केलं, मुलगाही बरा आहे, बोलताना समोर बघतो. त्याचे आईवडील आमच्याकडे रविवारी जेवायला यायचे होते, पहिल्यांदाच. आता यात घाबरण्यासारखं काय आहे? माझं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे शर्ट झटकत असते, पण स्वयंपाकाला मी कधी घाबरले नाही. मला फक्त पाहुण्यांना जेवायला वाढायचं होतं. बस्स.

पण लेकीच्या तोंडून एक वाक्य निसटलं. म्हणाली, त्याच्या आईला जुन्या भांड्यांची फार आवड आहे, काचेचं कपाट भरून जमवलीत. झालं. हे ऐकून आमच्या यांनी हातातला पेपर खाली ठेवला. हे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत, आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या, आता मोजायला काही उरलं नाही म्हणून माझं स्वयंपाकघर मोजतात. उठले, कपाट उघडलं, आमच्या रोजच्या ताटांकडे बघितलं आणि म्हणाले, या ताटांत आपण त्यांना जेवायला घालणार? मी म्हटलं, या ताटांत तुम्ही इतकी वर्षं जेवताय, तुमचं काही वाकडं झालं का? तर म्हणाले, "प्रश्न माझा नाही, पहिल्या छापेचा आहे."

पहिली छाप! लेकीला बघायला येतायत की ताटाला?

तर असे आम्ही त्या हातमोजेवाल्याच्या दुकानात उभे. दुकान कसलं, बोळासारखी लांबट खोली, दोन्ही बाजूंना भांडी, मधून चालायचं ते पोट आत घेऊन, कोपर अंगाला चिकटवून. आणि तो एकेक वस्तू दाखवणार ती 'ही' आणि 'ती' म्हणून. ही फार शांत आहे. हिला ऊन सोसत नाही. ही जोडीनं आली होती, जोडीदार वाटेत फुटला. मी म्हटलं, अरेरे, मग दिवसपाणी केलं का? यांनी माझ्या पायावर पाय दिला.

मग त्यानं कुलूप उघडून एक लंबगोल ताट काढलं. एवढं मोठं की त्यात तान्हं मूल निजवावं. मधोमध निळा मासा काढलेला, काठाला सोनेरी रेघ. बघायला वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण उलटं केलं तर मागून भेगेवर धातूचे टाके! चांगले जाड, पत्र्याच्या पेटीला मारावेत तसे. मी म्हटलं, हे फुटकं आहे. तर तो डोळे मिटून म्हणतो, "फुटकं नाही. कुणीतरी ती फुटल्यावर टाकून न देता टाके घालून घेतलेत. म्हणजे तिच्यावर कुणाचा तरी जीव होता." अहो, माझ्याही पोटाला टाके आहेत, अपेंडिक्सचे. त्यामुळे माझा भाव वाढला असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर सूपचं झाकणवालं भांडं. पोट भोपळ्यासारखं, दोन कान, वर झाकण. मी झाकण फिरवून बघितलं, तर ते डुगडुगतंय. आणि त्यावरची फुलं जांभळी, भांड्यावरची निळी. मी विचारलं, हे झाकण याचंच का? तर म्हणाला, नाही, भांडं एका घरातलं, झाकण दुसऱ्या घरातलं, दोघांचे जोडीदार गेले, मग यांची जोडी लावली, आमच्या धंद्यात याला लग्न लावलेलं भांडं म्हणतात. हे ऐकून आमच्या यांचा चेहरा जो फुलला! शुभशकुन म्हणाले. मला म्हणाले, बघ, प्रसंगाला किती साजेसं आहे. मी म्हटलं, एकमेकांवर बसत नाहीत, डुगडुगतात, तरी लोकांनी लग्न लावून दिलंय, हा शकुन आहे होय?

आणि मग आला तो प्रश्न. हे सगळं घासणार कोण. मी तोवर उकळत होते. म्हटलं, "मी घासते. एकटी. आणि रागानं घासते."

मला वाटलं, आता हाकलेल, सुटले. तर त्यानं मान डोलावली आणि ताट कागदात गुंडाळायला घेतलं! म्हणे, प्रेमानं घासणारी माणसं गप्पा मारत घासतात, त्यांच्या हातून फुटतं; रागावलेल्या माणसाचं सगळं लक्ष हातातल्या वस्तूवर असतं. यांनी तोवर माझ्या पिशवीत चमचे आणि रश्श्याचं चोचीचं भांडंही भरलं होतं. किंमत मी तुम्हाला सांगणार नाही. विचारूही नका. आठवलं की अजून डावी बाजू दुखते.

बरं, भांडी घरी आली, संपलं? नाही. भांड्यांच्या सूचना आल्या. हे खुर्चीत बसून सांगणार आणि मी ऐकणार. सूप उकळतं ओतायचं नाही, भांडं तडकेल. माशावर लिंबू पिळायचं नाही, सोनेरी रेघ जाईल. चांदीचा मुलामा दिलेले चमचे होते, त्यांना अंडं चालत नाही, काळे पडतात. त्या चोचीच्या रश्श्याच्या भांड्याला हळद नको, डाग धरेल. म्हणजे बघा, पाहुण्यांना काय आवडतं हे कुणी विचारलं नाही, भांड्यांना काय चालतं ते आधी विचारलं, आणि मग मी स्वयंपाक केला. पथ्याचा. आजारी भांड्यांसाठी. मला फक्त पाहुण्यांना जेवायला वाढायचं होतं हो, आणि मी ओल्या फडक्यानं एका फुटक्या ताटाची शेकशेगडी करत होते.

रविवारी ते तिघं आले. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. बाई नीटनेटक्या, पाठ ताठ, साडीला एक चुणी नाही. इस्त्री चांगली होती, ते माझ्या नजरेत आधी भरतं. वडील अबोल. आल्या आल्या खुर्ची ओढून बसले आणि टेबलाकडे बघितलं, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तसं.

मी सूप वाढलं. कोमट. बाईंनी भांड्याकडे बघितलं, मग ताटाकडे बघितलं, आणि ताटावर नजर ठेवूनच विचारलं, हे कुठलं?

आता खरं बोलायला जीभ काय झिजते? पण आमचे हे हसले, टेकून बसले आणि म्हणाले, "घरातलंच आहे. माझ्या पणजीच्या वेळचं."

तुम्हाला सांगते, माझ्या हातातला डाव तिथेच थांबला. यांची पणजी! मी यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, पणजी पत्रावळीवर जेवायची आणि तीही वाचवून ठेवायची. आणि हे तेवढ्यावर थांबतील? नाही! पणजीला सूप कसं आवडायचं, पणजी कुणाला हात लावू द्यायची नाही, आम्ही लहानपणी लांबून बघायचो... मी टेबलाखालून लाथ मारली ती लागली मुलाच्या वडिलांना. त्या बिचाऱ्यांनी पाय मागे घेतला आणि आणखी थोडं सूप मागितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे करून झाकण उचललं, परत ठेवलं, एका बोटानं हलवलं. डुग डुग. "झाकण या भांड्याचं नाही," त्या म्हणाल्या. हे म्हणाले, नसेलही, पणजीच जाणे. बाईंनी चमचा खाली ठेवला. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. म्हणाल्या, भांडं कुठलंही असो, मला स्टीलचंही चालतं, पण ज्या घरात आपला मुलगा जाणार-येणार तिथे पहिल्याच दिवशी खोटं ऐकायला मिळालं तर ते मला चालत नाही.

मुलगा सुपात चमचा फिरवायला लागला. आणि माझी लेक... तिनं वर बघितलंच नाही. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, लहानपणी रडायच्या आधी व्हायचा तसा. इतका वेळ मी चिडले होते, पण तो शेंडा बघितला आणि चिडणं विसरले. एका थापेपायी पोरीचं जमलेलं मोडतंय की काय? यांच्याकडे बघितलं तर हे टेबलक्लॉथच्या घड्या मोजतायत. हद्द मोजणारा माणूस, स्वतःची हद्द सोडून बसला होता.

मी डाव खाली ठेवला. म्हटलं, "बाई, परवा आणलंय, दुकानातून. पणजीचं काही नाही. तुम्हाला आवड आहे कळलं, आणि आमच्याकडे तसलं काही नव्हतं, त्याची यांना लाज वाटली. मला वाटली नव्हती. आता वाटतेय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, उठणार. तर विचारतात काय, "ते पांढरे हातमोजे घालतात, त्यांच्याकडून?"

मी हो म्हटलं. आणि बाईंच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग बदलला. आधी राग होता तो सभ्य होता, आता खरा आला. दोन वर्षं! दोन वर्षं बाई त्या ताटासाठी त्या दुकानात खेटे घालत होत्या. त्यानं त्यांना बश्या विकल्या, मिठाच्या कुप्या विकल्या, पण ताटाचं कुलूप काही उघडलं नाही. घरी भांडी कोण घासतं विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की कामाला बाई आहेत. तर तो म्हणाला होता, मग त्यांना पाठवा, मी त्यांच्याशी बोलतो.

माझ्या तोंडून हसू फुटणार होतं, मी पदरात खोकले. बाईंनी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत त्याला? म्हटलं, रागानं घासते असं सांगितलं. त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "राग तर मलाही येतो. मला सुचलं नाही."

आणि इतक्या वेळात पहिल्यांदा मुलाच्या वडिलांनी तोंड उघडलं. म्हणाले, "आमच्याकडे मी दोन वर्षांत गरम सूप प्यायलेलो नाही. इथे येताना आशा होती." मी उठले, आत जाऊन पातेल्यातलं सूप उकळेपर्यंत तापवलं आणि त्यांना पाणी प्यायच्या स्टीलच्या पेल्यातून आणून दिलं. माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ते वाफेनं की कशानं, मी खोलात गेले नाही. मला फक्त पाहुण्यांना जेवायला वाढायचं होतं, त्यातला एक तरी जेवला.

तर लग्न ठरलं. नाकाचा शेंडा पूर्ववत झाला. गोड वाढताना विहीणबाई सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, आम्हाला काही देणंघेणं नको, फक्त ते ताट तेवढं मुलीबरोबर येऊ द्या. सरळ होतं, मी हो म्हणणार होते. तर आमचे हे, ज्यांनी या लग्नासाठी अख्खी पणजी उभी केली, ते ताठ होऊन म्हणाले, मुलगी तुमचीच समजा, पण ताट मागू नका. का? तर म्हणे जीव जडलाय. परवापासून! माझ्यावर जडायला एवढी वर्षं लागली, तीही अजून पुरी झालेली नाहीत.

तिथून जे सुरू झालं ते महिनाभर. यांचा फोन, त्यांचा फोन. ताट कुणाकडे ठेवायचं, सणासमारंभाला कुणी वापरायचं, टाके ढिले झाले तर दोष कुणाचा. शेवटी मोठ्या मनानं दोघांनी तोड काढली, की ताट ना इकडे ना तिकडे, लग्नानंतर मुलं वेगळी राहणार आहेत तर त्यांच्याच घरात राहील. आणि ताटासोबत झाकणाचं भांडं, चोचीचं भांडं, विहीणबाईंच्या कपाटातलं निम्मं... याद्या झाल्या, भांडणं झाली, कुठली फडताळं लागतील ते यांनी मोजून काढलं.

मी काल लेकीला फोन केला. म्हटलं, बाई गं, ही एवढी भांडी येतायत, ठेवायला जागा कर.

तर म्हणाली, आई, आम्ही स्वयंपाकघरच घेतलेलं नाही. एकच खोली आहे. आम्ही डबा लावलाय.

मी म्हटलं, कसला डबा?

म्हणाली, प्लॅस्टिकचा. त्यातच खायचं आणि तसाच परत द्यायचा. घासावासुद्धा लागत नाही.

मी पेन शोधलं. मग म्हटलं, त्या डबेवाल्याचा नंबर दे.