साहेबांच्या टाचेतली टकटक

अरे, वसईत पायांच्या उपचाराचं शिक्षण सुरू झालं ना, ते एका ड्रॉइंग पिनमुळे. हसू नका!

पाचूबंदरच्या मासळीवाल्या बायकांच्या पायाच्या जखमा बघून आमच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टर डिमेलो मॅडमनी विद्यापीठाकडे पायांचे उपचार शिकवायला वेगळा विभाग मागितला होता. तपासणीला समिती आली. दवाखानाच तो, सगळ्यांनी बूट दाराशी काढले. अध्यक्ष मोज्यांवर फिरत म्हणाले, "मॅडम, पायाला कसला आलाय वेगळा विभाग? दुखलं की माणूस सांगतोच!"

मॅडम थबकल्या. मोज्यांवर चालणाऱ्या माणसाचा फरशीवर टकटक आवाज येत होता.

"सर, तुम्हाला शुगर आहे?"

"बरीच वर्षं. का?"

"जरा बसा. पाय बघू."

"अहो, पायाला हात काय लावता!"

"सर, तेच तर शिकवायचंय," म्हणत मॅडमनी पाय उचलला. आम्ही तक्ता लावताना पडलेली पिन मोज्यातून टाचेत रुतली होती. शुगरनं पाय बधिर झालेले, साहेबांना पत्ताच नाही!

ते पिनेकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "विभाग कधी सुरू करताय?"

मॅडम उत्तर देईपर्यंत बाकीचे सदस्य खुर्च्या ओढून मोजे काढायला लागले होते.