डॉक्टरांच्या गाडीचे भरीव टायर

— भुजंग न्हाई म्हणलं ना गुरुजी, पूर्णेला गेलाय तो, साडेपाचच्या यष्टीनं येईल — आन् त्याच्यासाठी कामून थांबता? धाकटा भाऊ हाय माझा, पाना धरायला मीच शिकवलंय त्याला. बसा त्या बाकड्यावर. डॉक्टरसायबांची फियाट तुमी घेतली, कळलं होतं मला. डॉक्टर गेले औरंगाबादला लेकाकडं, जाताना भेटले बी न्हाईत — आसू द्या, घाईत आसतील. तर माझे भरीव टायर काढून साधे टाकायचेत, हवेचे, ट्यूबवाले. टाकू की. मालक तुमी. पण आख्ख्या परभणीत दुसऱ्या कुण्या गाडीला आसे टायर न्हाईत, सांगून ठेवतो. जुन्या ट्यूबा कापल्या, त्याच्या गुंडाळ्या केल्या, टायर उचकटायच्या लोखंडी टॉमीनं ठासून ठासून आत भरल्या — चार चाकांना आठ दिवस लागले, हाताची सालटी निघाली. आत हवाच न्हाई तर जाईल कुठून? काटा घुसू द्या, खिळा घुसू द्या, गाडी चालतच ऱ्हाती. सहा वर्षं झाली, एकदा थांबली न्हाई.

काय म्हणता? हलकी चालती? — हलकी कुठून चालंल गुरुजी, तुमी जलमभर सायकलवाले, तुमाला मोटारीचं काय कळतंय. भरीव टायरची गाडी धोंड्यावानी चालती. डॉक्टर सुरुवातीला म्हणायचे, सिताराम, कंबर गेली रे माझी. मग म्हणायचे बंद झाले. सवय झाली आसंल. नाक्यावरून जाताना काच खाली करून वरडायचे, 'थांबत न्हाई बघ, सिताराम' — आन् खरंच थांबायचे न्हाईत, तसेच निघून जायचे. मला दिवसभर बरं वाटायचं.

कामून केले ते टायर, सांगतो — जरा तो जॅक सरकवा हिकडं. अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. नामांतरावरून बंद होता. माझी बायको, केवळाबाई, पेडगावला घरी आडलेली. मी सायकलवर येऊन डॉक्टरांना सांगितलं आन् तसाच मागं फिरलो. डॉक्टर लगोलग निघाले. वाटंत बाभळीच्या फांद्या पडलेल्या, काटा घुसला, चाक बसलं. निम्मी वाट पायी आले बिचारे, हातात बॅग घेऊन. आले तवा सगळं झालं होतं. ती बी गेली, लेकरू बी. बंदवाल्यांनी काटे टाकले म्हणून माझी केवळा गेली — सहा वर्षं मी हेच सांगतो समद्यांना. तवाच ठरवलं, ह्या माणसाची गाडी ह्याच्यापुढं कुणाच्या दारी उशिरा पोचायची न्हाई.

हे बघा, निघालं चाक. हवा भरायचा व्हॉल नुस्ता शोभंला ठेवलाय, बघणाऱ्याला शंका नको म्हणून. रिकामी नळी हाय. पिन दाबली तरी काय व्हत न्हाई, हे बघा —

हवा हाय.

थांबा. बोलू नका जरा. टॉमी द्या ती — न्हाई, मोठी.

ट्यूब हाय आत. चांगली जुनी ट्यूब, वापरलेली. एक ठिगळ, दोन, हे तिसरं — आन् समद्या ठिगळांचा एक कोपरा कापलेला. आसा कोपरा कोण कापतंय, ठाऊक हाय? भुजंग. किती बडवलंय त्याला मी, गोल काप म्हणून. म्हंजी मी मालाला गेलो की डॉक्टर गाडी आणायचे. माझ्याच दुकानात, माझ्याच टॉमीनं माझ्या गुंडाळ्या काढल्या, आन् रातच्याला माझ्या ताटाला ताट लावून जेवला. आन् तो डॉक्टर — थांबत न्हाई बघ, सिताराम. तुमालाबी त्यांनीच सांगितलं ना, चाकाचं काम भुजंगकडंच ने म्हणून? मान हलवू नका, कळलं मला.

तोंडावर म्हणायचं होतं की, तुझे टायर बोगस हायत, कंबर मोडती, काढून टाक. शिव्या घालायच्या होत्या. मला येड्यात काढायचं कामून? माझी एवढी कीव कामून दोघांना? — ठाऊक हाय मला कामून. त्या दिवशी डॉक्टरांच्या गाडीत स्टेपनी न्हवती. स्टेपनी हितं होती. तुमी बसलाव त्या बाकड्याखाली. पंक्चर काढायला दिलेली, आदल्या दिवशी द्यायची होती. मी म्हणलो, उद्या बंद हाय, गाडी कुठं जायलीय — आन् दुकानाला फळ्या लावल्या. सांगायला आलो तवा ह्याच दुकानावरून सायकल हाणत गेलो, ध्यानात सुदिक आलं न्हाई. काटा कुणाचाबी आसंल गुरुजी, स्टेपनी माझ्याकडं होती. डॉक्टर कधी एका शब्दानं बोलले न्हाईत. भुजंगबी न्हाई. मला वाटलं, इसरले दोघं.

उठा तुमी. त्या बाकड्यावरून उठा. न्हाई, पाणी नको मला. ट्यूब होती तशी घालतो, हवा भरतो, चाक बसवून देतो. समोर जाऊन चहा घ्या आन् साडेपाचला या. भुजंग इचारील, सितारामनं हात लावला का चाकाला. न्हाई म्हणा.

जा म्हणलं ना.