दोन सूत जास्त

सासरे : अजून घासा.

जावई : अजून? बाबा, सकाळपासून घासतोच आहे. भुसा नाकात गेला, कानात गेला. तरी फळी पुन्हा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्तच!

सासरे : हात नीट चालवा. घासताना ओठांवर देवाचं नाव असावं, तुमच्या ओठांवर शिव्या.

जावई : पहिला तुकडा देवाच्या नावानंच कापला होता. दुसरा शिव्यांनी. दोन्ही बसले नाहीत.

सासरे : चाळीस वर्षं होड्यांची पोटं उघडून पुन्हा शिवली मी. डोलकाठीचा सगळा भार ह्या एका आडभिंतीवर. ती कुजली, की जुनी काढायची, तिच्यावरून नवी बेतायची आणि बसवायची. ह्यात न जमण्यासारखं काय आहे, जावईबापू?

जावई : मीही तेच विचारतोय!

सासरे : एवढी जुनी होडी हौसेनं घेतलीत, तेव्हा लाकूड ठोकून बघितलंत का? नाही म्हणा, मुलगी देताना मीही तुम्हाला ठोकून बघायला हवं होतं.

जावई : तुमचा पूर्वरंग संपला असेल तर इकडे बघा. हा पुठ्ठा, कुजक्या भिंतीवरून कापलेला. हा पहिला तुकडा, अजून न घासलेला. एकावर एक धरतो. केसाचा तरी फरक आहे?

सासरे : नाही. म्हणजे पुठ्ठाच चुकला. तो कुणी कापला?

जावई : मी.

सासरे : झालं तर मग.

जावई : शनिवारी क्रेन येणार, सगळ्या होड्या पाण्यात जाणार आणि आपली राहणार काठावर. घरी काय तोंड दाखवू? काम नीट झालं नाही तर तुमची लेक आधी तुमच्याकडेच बघेल.

सासरे : बघू दे. गेल्या महिन्यात माझ्या कामाच्या शेडमधला गॅस एकदा बंद करायचा राहिला, तर लगेच तिचं फर्मान. 'आणखी एकदा विसरलात, की शेडची किल्ली माझ्याकडे.' पोटची पोर, पण न्यायाधीश झाली.

जावई : काळजीनं बोलते हो.

सासरे : तिची काळजी मिटेल. पण शेड गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठं? घासा तुम्ही.

जावई : थांबा. हे केबिनचं दार बघा. सोमवारी बोटानं ढकललं तरी मिटत होतं. आता वरून अडकतंय.

सासरे : हवा दमट आहे. लाकूड फुगलं असेल.

जावई : आणि वर डेकला खोलगा पडलाय, तोही हवेनं? मघाशी डोलकाठीच्या बुडाशी पट्टी धरून पाहिली. मध्ये खाली बसलंय. बाबा, भिंत मोठी नाहीये. जागा लहान होतेय. रोज थोडी थोडी! वर डोलकाठी उभी, तारा ताणलेल्या, आणि खालचा आधार आपणच काढून घेतला.

सासरे : टेकू...

जावई : टेकू दिलाच नव्हता.

सासरे : आधी टेकू, मग करवत. कामाला येणाऱ्याला पहिल्या दिवशी मी हेच सांगायचो.

जावई : सोमवारी तुम्ही म्हणालात, 'लावा करवत.' मी लावली.

सासरे : टेकू म्हणालो नाही मी?

जावई : नाही, बाबा.

सासरे : एकदाही?

जावई : एकदाही नाही.

(लेक डबा घेऊन शिडी चढून येते.)

लेक : हे काय, दोघांची तोंडं अशी का? बसली का भिंत?

जावई : नाही. माझी चूक. टेकू न देताच जुनी भिंत कापून काढली मी.

लेक : आणि बाबा कुठं होते?

जावई : ते... पुठ्ठा आणायला गेले होते. मला दम धरवला नाही.

लेक : धन्य आहे तुझी! बाबा, बोला की ह्याला. एरवी एका वाकड्या खिळ्यावरून तासभर आख्यान लावता.

(सासरे खिशातली किल्ली चाचपतात.)

लेक : बाबा?

सासरे : खोटं बोलतोय तो. माणूस चांगला आहे म्हणून बोलतोय. मी इथंच होतो, ह्या पायरीवर बसलेला. टेकू मी विसरलो. आणि तीन दिवस बोल मात्र त्याला लावत होतो.

लेक : बाबा, मी काही...

सासरे : किल्ली खिशात आहे. जाताना घे, भांडणार नाही. जावईबापू, आधी वरच्या तारा सैल करा. मग खालून जॅक लावून डेक उचलायचा. केसभर उचलायचं, थांबायचं, आवाज ऐकायचा. घाई केलीत तर तडकेल.

जावई : आणि उचलल्यावर?

सासरे : उचलल्यावर बरंच आहे. पोरी, पेन आहे का तुझ्याकडे?

लेक : आहे. कशाला?

सासरे : बस इथं. मी सांगतो, तू लिहून घे.